मिठागरावरचं हळदीकुंकू

भूमिका घरतला एका जागी बसलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं. लग्नाला गेली तर अक्षता पडेपर्यंत मांडवाभोवती फेऱ्या मारायची. डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत बाहेरच्या पायऱ्या चढउतार करायची. पेणहून रोह्याला कामाला जाताना गाडीत खिडकीची जागा रिकामी असली तरी ही आपली दाराशी उभी. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायचं काम होतं, तेही शिफ्टभर उभ्यानेच. बाकीच्या बायका पाय सुजले म्हणून कण्हायच्या, हिला त्याचं काही वाटायचं नाही. "पायाला भिंगरी बांधूनच धाडली हिला माहेरच्यांनी," असं सासू म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

माहेर पेणच्या पश्चिमेला, खारेपाटातलं, खाडीला लागून. बाप काळुराम मिठागरावर राबलेला. तिथल्या पोरी चालायला लागल्या की बांधावरून पळायच्याच, आणि त्या पळण्यातूनच भूमिका कबड्डीत शिरली. चढाईला गेली की समोरच्यांना ती कुठून निसटली ते कळायचं नाही. जिल्ह्याच्या संघातून खेळली, एकदा राज्याच्या निवडीपर्यंत पोचली. मग लग्न झालं, पेणला आली, मुलगा झाला. कबड्डी सुटली आणि अंगातली चुळबूळ तेवढी मागे राहिली.

ती चुळबूळ जिरवायला म्हणून तिने आळीतल्या पोरी गोळा केल्या. कामावरून आली की चहा उभ्याउभ्याच घ्यायचा आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत जाऊन त्यांना पळवायचं. त्यात शेजारची किमया सगळ्यांत तयारीची. अंगाने काटकुळी, पण श्वास असा लांब की चढाईला गेलेली पोर परत यायचं नावच घेत नसे. तिला वडील नव्हते. आई एका शाळेत पोषण आहार शिजवायची आणि मुलीच्या फुटलेल्या कोपरांना हळद लावताना भूमिकेला चार शब्द सुनवायची.

हिवाळा लागला की पेण तालुक्यात कबड्डीचा नुसता सुकाळ. गावोगाव पुरुषांचे सामने, प्रकाशझोत, गॅलऱ्या, समालोचक. पोरींच्या वाट्याला पत्रिकेच्या तळाशी एक ओळ असायची, 'महिलांचा प्रेक्षणीय सामना'. तो दुपारी उन्हात, खुर्च्या लावणारे खुर्च्या लावत असताना. त्या डिसेंबरात एका गावी तसाच सामना चालला होता. किमया चढाईला गेली होती, बोनस रेषा ओलांडून आत होती, तेवढ्यात शिट्टी वाजली. पाहुण्यांची गाडी आली होती.

"अर्धा डाव राहिलाय," भूमिका म्हणाली.

"ताई, आता सत्कार घ्यायला लागेल. पोरी मस्त खेळल्या. नारळ देतो ना आपण त्यांना," आयोजक म्हणाला आणि हार उचलायला धावला.

किमया तिकडे समोरच्या अंगणात तशीच वाकून उभी होती. ओठ हलत होते. शिट्टी आपल्यासाठी आहे यावर तिचा विश्वासच बसत नव्हता, म्हणून ती श्वास सोडत नव्हती. भूमिका स्वतः मैदानात गेली आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

घरी येईपर्यंत तिने ठरवलं होतं. स्पर्धा आपणच भरवायची, फक्त पोरींची. पूर्ण डावांची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकून ती नगरपालिकेत गेली. परवानग्यांच्या टेबलावर सुश्रुत नावाचा तरुण मुलगा होता. नुकताच लागलेला, बोलायला सभ्य. त्याने समोरची खुर्ची दाखवली, ती बसली नाही.

"कार्यक्रम सार्वजनिक की खाजगी?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे कोणीही यायचं, की बोलावलेल्यांनीच?"

"कबड्डी हाय साहेब. जो येल तो बघेल."

"मग सार्वजनिक." आणि त्याने शांतपणे सांगायला सुरुवात केली. मैदान पालिकेचं, म्हणून अर्ज नोंदणीकृत संस्थेच्या नावाने. पोलिसांचा ना-हरकत दाखला. गॅलरी बांधणार तर ती भक्कम असल्याचा इंजिनियरचा दाखला. तात्पुरती वीजजोडणी. स्पीकर रात्री दहापर्यंतच. आग विझवायची सोय. जागेवर डॉक्टर, आणि मैदानापासून मोठ्या रस्त्यापर्यंत रुग्णवाहिकेला मोकळी वाट.

"एवढं सगलं? पोरी नुसत्या खेळणार हायत," भूमिका म्हणाली. रागात असली की तिच्या तोंडात माहेरची बोली यायची.

"पोरी खेळणार, पण बघायला माणसं येणार ना, ताई. नियम माणसांसाठी आहेत." मग त्याने संगणकात पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा पडला. "आणि मार्चपर्यंतचे सगळे रविवार आधीच गेलेत. मधला वार चालेल?"

मधल्या वारी पोरींची शाळा-कॉलेजं, आयांची कामं, तिची स्वतःची शिफ्ट. तरी ती लगेच हरली नाही. पोलीस ठाण्यात चौकशी करून आली, वीज मंडळात जाऊन आली. संस्था नव्हती म्हणून दिराच्या मंडळाकडे गेली. दीर म्हणाला, "नाव वापर की वहिनी, आपलंच मंडळ हाय. पण मग आमच्या फायनलच्या आधी घेऊया पोरींचे सामने. वेगळं कशाला?" ती तिथूनच मागे फिरली. दिराने मागून दोनदा हाक मारली.

पुन्हा सुश्रुतच्या टेबलाशी उभी राहिली तेव्हा तिचा आवाज चढला होता. "म्हणजे बायांनी चार जणी जमवून काही करायचंच नाय?"

"तसं कुठं म्हटलं मी?" तो बिचारा गांगरला. "घरगुती असेल, स्वतःच्या जागेत असेल, मांडव नाही, स्पीकर नाही, रस्ता अडत नाही, तर आम्ही कशाला मध्ये येतो? आता संक्रांतीनंतर घरोघरी हळदीकुंकू होईल. त्याला कोणी परवानगी काढतं का?"

तो सहज बोलून गेला. भूमिका मात्र जिना उतरताना मध्येच थांबली, आणि मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला.

दुसऱ्या दिवशी रोह्याला जाताना ती गाडीच्या दारात उभी राहून तेच घोळवत होती. कासूच्या पुढे डाव्या-उजव्या हाताला पडीक शेतं पळत होती. स्वतःची जागा. एवढी मोकळी, सपाट जागा कोणाकडे असते? नागोठणं मागे पडलं आणि तिला बापाचं मिठागर आठवलं.

बापाचं म्हणजे बाप राबलेला ते. मीठ पिकवणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. खाजणातलं झुडूप वाढलं होतं, पण मधले दोन-तीन चौकोन अजून तसेच सपाट पडून होते. मालक विष्णु गुरुजी रोह्यातच राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, जमिनी बहुतेक विकलेल्या, हा एक तुकडा कोणी घेत नाही म्हणून उरलेला. शिफ्ट सुटल्यावर ती थेट त्यांच्या दारात गेली.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "परवानगी काढलीस?"

"हळदीकुंकवाला कसली परवानगी, गुरुजी?"

"हळदीकुंकवाला संघ किती येणार आहेत?"

भूमिकेला हसू आवरलं नाही. गुरुजी हसले नाहीत. "हसू नकोस. उद्या कोणाला काही झालं, कोणी चेंगरलं, तर पोलीस माझ्या दारात येतील. जागा माझी आहे."

त्यांची बायको विमलकाकू आतून भांडी विसळता विसळता ऐकत होत्या. हात पुसत त्या दारात आल्या. "अहो, तुमच्या त्या जागेत गेल्या कित्येक वर्षांत खेकड्यांशिवाय कोणी फिरकलं नाही. खेळू देत की मुलींना. आणि काय गं, हळदीकुंकू आहे म्हणतेस, मग मला बोलावणं कुठे केलंस?"

"काकू, पहिलं कुंकू तुम्हालाच."

गुरुजी खुर्चीत जरा वळून बसले. होय म्हणायची त्यांची तीच पद्धत असावी. "एक ऐक. बांधावर गाड्या येऊ देऊ नकोस. बांध कडेने खचलाय आणि वाट तेवढीच एक आहे. गाड्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लावायच्या."

"व्हय गुरुजी," ती म्हणाली. त्या क्षणी ती कशालाही व्हय म्हणाली असती.

काळुरामला सांगितलं तेव्हा म्हातारा आधी चिडला. "मिठागरात खेलतात काय गो? कोपर फुटला त मीठ झोंबल, पोरी बोंबलतील." पण दुसऱ्या सकाळी तोच जुन्या सोबत्यांना घेऊन बांधावर हजर होता. त्यांनी वाढलेलं झुडूप काढलं, भुई भिजवायला चौकोनात पाणी घेतलं, आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका तालात भुई तुडवायला लागले. तुडवून तुडवून ती तव्यासारखी झाली. झोंबू नये म्हणून वर शेतातली माती आणून पसरली आणि तीही तुडवली. भूमिकेची आई ठमाबाई बांधावर बसून त्यांना चिडवत होती, "मिठाला कवा येवढी मेहनत केली नाय यांनी."

त्या दिवसांत भूमिकेला जेवण जात नव्हतं. कामावर ती बाटल्या उलट्या भरायची आणि पुन्हा काढायची. सगळं सुरळीत चाललं होतं आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती. निरोप तोंडी दिले होते. पेण, रोहा, कोलाड, जिते, सगळीकडच्या संघांनी हो म्हटलं होतं. फोनवरून पसरलेली बातमी मात्र तिच्या हातातून कधीच निसटली होती. कोणीतरी आपल्या मनानेच चित्र बनवून फिरवलं. त्यावर फुलांच्या नक्षीत 'भव्य हळदीकुंकू' लिहिलेलं आणि खाली चढाई करणारी पोर. बायका तिला वाटेत थांबवून विचारायच्या, "घरच्या पुरुषांना आणलं त चालंल ना गो?" पोलीस ठाण्यावरून रोज जाणंयेणं होतं. एकदा ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा. विचारलं तर नाही म्हणतील. नाही म्हटल्यावर मात्र करता येणार नाही. विचारलंच नाही, तर निदान कोणी नाही म्हटलेलं नसेल. असा हिशोब मनाशी जुळवून ती परत फिरली, आणि तो हिशोब तिला दिवसभर बोचत राहिला.

रथसप्तमीच्या आधीचा रविवार उजाडला. बांधाच्या तोंडाशी ठमाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. भूमिकेने आईला बजावलं होतं, येईल तिला लाव, कोणाला काही विचारायचं नाही. ठमाबाईने ते इतकं मनावर घेतलं की पंचांच्या कपाळालाही बोट टेकवलं. विमलकाकू रोह्याहून गाडी करून आल्या. गुरुजींनी ड्रायव्हरला दम भरला होता, म्हणून गाडी बाहेर मोठ्या रस्त्यालाच थांबली आणि काकू पदर खोचून चालत आल्या. पहिलं कुंकू त्यांनाच लागलं.

आणि मग सामने सुरू झाले. स्पीकर नव्हता, समालोचक नव्हता. गुण कोणीतरी ओरडून सांगायचं आणि ते बांधावरून तोंडातोंडी पुढे जायचं. त्यामुळे एक गोष्ट अशी झाली, जी भूमिकेच्याही ध्यानात आधी आली नव्हती. चढाईला गेलेल्या पोरीचा आवाज ऐकू येत होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, खालच्या पट्टीत, श्वासाच्या धारेवर, आणि बांधावर बसलेल्या शेकडो बायका तो ऐकण्यासाठी गप्प बसायच्या. चढाई संपली की एकदम सुटणारा गलका. विमलकाकू तर उठून उभ्या राहत आणि शेजारणीला नियम विचारत. कोलाडच्या संघात एक सून होती. तिची सासू बांधावरून ओरडत होती, "धर तिचा पाय! सोडू नको गो!"

भूमिका मात्र बघत नव्हती. ती बांधावरून येरझारा घालत होती. कारण माणसं येतच होती. आधी बायका आल्या, मग त्यांचे नवरे, मग मोटरसायकलवरून पोरगे, आणि मग आजूबाजूच्या गावांतून टेम्पो. सुरुवातीला तिने दोघातिघांना गाड्या बाहेर लावायला सांगितलं. "पाच मिनिटांत काढतो ताई." मग एका सामन्याचा निकाल वादात पडला, तिला तिकडे धावावं लागलं. परत आली तेव्हा बांधाच्या दोन्ही कडांना गाड्यांची रांग लागलेली होती आणि तोंडाशी एक टेम्पो आडवा उभा होता. ड्रायव्हर कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

उपांत्य सामन्यात किमया चढाईला गेली. समोर जित्याच्या पोरी, अंगाने भारी. दोघींनी कमरेला धरलं, तरी ही मध्यरेषेकडे सरकत होती. तिसरी वरून आली. सगळ्या एकदम कोसळल्या. वरच्या दोघी उठल्या, किमया उठली नाही. खांद्याच्या वर गळ्यापाशी काहीतरी भलतंच वर आलेलं दिसत होतं, आणि डोळे मिटलेले.

भूमिका कशी पोचली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने हाका मारल्या, पाणी मारलं. डोळे उघडले, पुन्हा मिटले. कोणीतरी म्हणालं रिक्षा बोलवा. कोणीतरी म्हणालं, रिक्षा येणार कशी? आणि भूमिका बांधाकडे पळाली. "गाड्या काढा! कोणाच्या हायत? काढा गाड्या!" ती ओरडत होती. लोक इकडेतिकडे बघत होते. चाव्या खिशात घेऊन मालक गर्दीत कुठेतरी पांगलेले.

मग तिने पहिल्या मोटरसायकलला हात घातला आणि ती सरळ खालच्या चिखलात लोटली. क्षणभर कोणाला समजेना. तेवढ्यात कोलाडच्या पोरी पुढे आल्या, त्यांच्या मागून रोह्याच्या. चार-चार जणींनी एकेक गाडी उचलायची आणि बांधावरून खाली द्यायची. आता मालक आपोआप सापडायला लागले, ओरडत आले, आणि पोरींचे चेहरे बघून मुकाट्याने स्वतःच ढकलू लागले. टेम्पो मात्र हलेना. ठमाबाईच्या घरून बाज आणली होती, तिच्यावर किमयेला निजवलं, आणि काळुराम आणि त्याचे सोबती ती बाज खांद्यावर घेऊन टेम्पोच्या कडेने, खचलेल्या मातीवर पाय रोवत, एकेक पाऊल टाकत बाहेर काढू लागले. भूमिका खालच्या चिखलात उभी राहून दोन्ही हातांनी बाज वर तोलून धरत होती. बाहेर, मोठ्या रस्त्याला विमलकाकूंची गाडी दार उघडून तयार होती.

दवाखान्यात किमयेच्या गळपट्टीचं हाड मोडल्याचं निघालं. डोक्याला मार होता, पण गंभीर नव्हता. रात्रभर नजरेखाली ठेवू, डॉक्टर म्हणाले. किमयेची आई धावत आली. पोरीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग भूमिकेकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "माझ्या पोरीला पळायला शिकवलंस गो, आणि तिला न्यायला वाट नाय ठेवलीस."

थोड्या वेळाने पोलीस हवालदार आला. अशा दुखापतीची खबर जातेच. "कसला कार्यक्रम होता? परवानगी होती का?"

विमलकाकू चटकन म्हणाल्या, "हळदीकुंकू होतं. मी स्वतः गेले होते."

हवालदाराने काकूंच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, मग भूमिकेच्या चिखलाने माखलेल्या साडीकडे पाहिलं. तो बहुधा तेवढ्यावर निघूनही गेला असता. पण भूमिका पुढे झाली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "कबड्डीची स्पर्धा होती, साहेब. परवानगी नव्हती. मी भरवली. गुरुजींना फक्त हळदीकुंकूच सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य खरं नव्हतं, पण ते तिने जाणूनबुजून घातलं.

पुढचे दोन महिने तिला चौकशीला बोलावणी येत राहिली. शिफ्ट बुडवायची, बाकावर ताटकळायचं, तेच सांगायचं. अखेर लेखी समज देऊन सोडलं. गुरुजींनाही जबाब द्यावा लागला. ते तिच्याशी बोलायचे बंद झाले. आळीतल्या पोरी संध्याकाळी शाळेमागे येऊन बसायच्या, ती जायची नाही. घरी मात्र तिला थारा नव्हता. भात टाकून गच्चीवर, गच्चीवरून फाटकाशी. किमयेच्या घरावरून जाताना मान खाली. एकदा किमया दारातच होती, हात झोळीत बांधलेला. "मावशी, तो सामना आपल्याला दिला की त्यांना?" तिने विचारलं. भूमिका म्हणाली, "कोणालाच नाय. राहिलाय तो." त्यावर पोर म्हणाली, "मग खेळायला लागेल ना."

पावसाळा संपता संपता ती पुन्हा सुश्रुतच्या टेबलाशी गेली. तिची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होतीच. तो ओशाळून म्हणाला, "ताई, मी तेव्हा हळदीकुंकवाचं बोललो ते..."

"तुम्ही बरोबर बोललात. मी आपल्याला पायजे तेवढंच ऐकलं," ती म्हणाली. "आता संस्था कशी काढायची ते सांगा. आणि रुग्णवाहिकेची वाट किती रुंद ठेवायची, ते पयलं सांगा."

संस्था काढायला सात जणी लागतात. कबड्डीच्या संघातही सातच, याचं तिला उगाचच बरं वाटलं. पहिली सही विमलकाकूंनी केली, आणि गुरुजींनी त्यासाठी पेन स्वतःचं दिलं, पण भूमिकेशी अजून बोलले नाहीत. ठमाबाईने अंगठा नको म्हणून नातवाकडून नाव लिहायला शिकून घेतलं. कोलाडची ती सून आली, तिची सासूही आली. आळीतली एक आणि भूमिका स्वतः धरून सहा झाल्या. सातवी मिळेना. ज्यांना विचारलं त्या म्हणाल्या, पुन्हा पोलीस आले तर? एका संध्याकाळी किमयेची आई आपणहून दारात आली. "माझं नाव घाल. तुझ्यावर कोणाची तरी नजर पायजे," ती म्हणाली, चहा न घेता निघून गेली.

मैदान मिळालं ते मंगळवार-बुधवारचं. रविवार त्या वर्षीही गेलेलेच होते. एकेक करून सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. गॅलरी परवडणार नाही म्हणून नकोच म्हटली, त्यामुळे एक दाखला वाचला. काळुराम रुसला. "शेरात कसली आली भुई? नुसती धूल." तो आलाच नाही. मधला वार म्हणून गर्दीही मिठागरावरच्या निम्मीसुद्धा नव्हती. आता स्पीकर होता, समालोचक होता, आणि त्याच्या आवाजात पोरींचा श्वास काही ऐकू येत नव्हता. विमलकाकूंनी ते बोलूनही दाखवलं.

स्पर्धेच्या आधी जित्याच्या आणि पेणच्या पोरींनी हट्ट धरला, मागच्या वर्षीचा सामना आधी. पंच म्हणाले, असं कुठं असतं? पोरी म्हणाल्या, इथं असतं. किमया उतरली. पहिल्या दोन चढायांना ती नुसती रेषेशी जाऊन परत आली, खांदा चोरत. तिसऱ्यांदा आत शिरली. पुढे काय झालं ते भूमिकेने पाहिलं नाही.

कारण ती फाटकाशी होती. मैदानापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची मोकळी वाट तिने सकाळीच चुन्याच्या दोन रेषा मारून आखली होती, आणि सकाळपासून त्या रेषांच्या मध्ये येरझारा घालत होती. मागे एकदम गलका उठला, मग शांतता, मग पुन्हा गलका. तिने मान वळवली नाही. समोरून एक माणूस मोटरसायकल ढकलत आला आणि रेषेच्या आत स्टँड लावायला लागला.

"इथं नाय, दादा."

"पोरगी खेळतेय ताई माझी. दोनच मिनिटं."

"तुमची खेळतेय म्हणूनच," ती म्हणाली आणि हँडलला हात घातला. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग गाडी वळवली. मागे स्पीकर काहीतरी सांगत होता, पण वाऱ्यामुळे नाव नीट कळलं नाही.